चार टायर आणि आमचं अख्खं घर

आपल्याकडे साडी घ्यायची तर चार बायका जातात, सोनं घ्यायचं तर सगळं घर जातं, आणि फ्रीज घ्यायचा तर शेजारच्या काकूंचाही सल्ला घेतला जातो. पण गाडीचे टायर घ्यायचे म्हटलं की एकटा गाडीवाला जातो, नाहीतर मेकॅनिकच परस्पर बसवून मोकळा होतो. संध्याकाळी घरी येतं ते फक्त बिल! टायर काय, काळा, गोल, सगळे सारखेच. त्यात बघायचं काय, असं आपल्याला वाटतं. गंमत अशी की गाडीत बसलेल्या चार-पाच जिवांचा रस्त्याशी जो काही संबंध असतो, तो त्या चार टायरांच्या तळाशी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेपुरताच असतो. इंजिन कितीही जोरकस असो, ब्रेक कितीही चांगले असोत, शेवटी सगळा भार त्या चार तळहातांवर.

आमच्या घरात मात्र २०२४ च्या मे महिन्यात टायरांची खरेदी लग्नाच्या बस्त्यासारखी झाली. आई, बाबा, धाकटा भाऊ, वहिनी आणि मी असे पाचही जण दुकानात हजर! त्याचीच ही हकिगत.

आम्ही राहतो बंगळुरूच्या चामराजपेटेत. आजोबा नोकरीसाठी निपाणीहून इथे आले आणि इथलेच झाले. १८९२ मध्ये वसवलेली ही पेठ. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस, मधूनच एखादा जुना बैठा बंगला आणि त्याला खेटून उभी राहिलेली चार मजली इमारत. एका बाजूला के. आर. मार्केटची फुलं आणि भाजी, दुसऱ्या बाजूला कन्नड साहित्य परिषद, आणि पलीकडे कलासीपाळ्य नि जे. सी. रोड. मोटारींच्या सुट्या भागांसाठी अख्खं बंगळुरू जे. सी. रोडला येतं. नटापासून गिअरबॉक्सपर्यंत काहीही तिथे मिळतं, म्हणतात. आम्ही त्या रस्त्याने आयुष्यभर ये-जा केली, पण आईला नि मला तिथल्या दुकानाची पायरी चढायचं कारण कधी पडलं नव्हतं.

ते कारण आणलं भावाच्या गाडीनं. बाबांची गाडी होती प्रीमियर पद्मिनी. तिचे टायर गोटा झाले की बाबा ते रिसोल करून आणत आणि आणखी काही वर्षं काढत. ती गाडी चाळीसच्या पुढे गेली की तिचे दरवाजे बोलायला लागायचे, त्यामुळे टायरांवर फारसा ताणच पडत नसे. भावाची गोष्ट वेगळी. त्याला कॉलेजात असल्यापासून एकच गाडी हवी होती, पोलो जीटी टीएसआय. दिसायला लहानशी, पण १०५ पीएसची ताकद. पायाखाली जरा दाबलं की पाठ सीटला चिकटते. २०२२ मध्ये कंपनीने भारतात पोलो बनवणं बंद केलं, तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. मग २०२३ मध्ये त्याने शोधून शोधून २०१८ सालची, एका हातानं वापरलेली तांबडी पोलो आणली. ही गाडी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनलेली, हे कळल्यावर आईचा विरोध मावळला. ‘‘म्हणजे आपल्याकडचीच की,’’ म्हणून तिने ओवाळलंसुद्धा.

गाडी आली तेव्हा टायर चांगले दिसत होते. नक्षी शिल्लक होती, कुठे चीर नाही, फुगा नाही. विकणाऱ्याने धुऊन-पुसून, पॉलिश मारून दिले होते. वर्ष सुरळीत गेलं.

२०२४ चा उन्हाळा बंगळुरूकर विसरणार नाहीत. बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले, आणि एप्रिलमध्ये शहराच्या वेधशाळेत पावसाची नोंदच झाली नाही. एरवी रामनवमीच्या सुमाराला किल्ल्याच्या हायस्कुलाच्या मैदानावर संगीतोत्सवाचा मंडप पडतो, आणि एखाद्या संध्याकाळी गायनाच्या जोडीला वळवाची सर येते, हे आमच्या पेठेचं ठरलेलं. त्या वर्षी थेंब नाही. मे उजाडला आणि मग एका संध्याकाळी आकाश एकदम भरून आलं. आम्ही सगळे गच्चीवर भिजायला पळालो.

भाऊ त्या वेळी मैसूरु रोडवर होता, बिडदीच्या कारखान्यातून परत येत. सिरसी सर्कलच्या अलीकडे पुढची रिक्षा अचानक थांबली. याचा वेग पन्नासच्या आत. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची ती खडखड झाली, पण गाडी थांबेना. साबणावरून सरकावी तशी सरकत राहिली आणि रिक्षेच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. रिक्षेत शाळेचं दप्तर मांडीवर घेतलेली एक मुलगी होती. तिने मागे वळून बघितलं, एवढंच. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री भाऊ ताटावर बसला आणि वरणभात कालवतच राहिला.

महिनोन् महिने कोरड्या पडलेल्या रस्त्यावर तेल, डिझेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. पहिल्या सरीत तो धुऊन जात नाही, फक्त ओला होतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षाही पहिली अर्ध्या तासाची रिपरिप जास्त निसरडी. हे आम्हाला माहीत होतं. पण रस्ता सगळ्यांनाच निसरडा होता. शेजारच्या गाड्या थांबल्या, आमचीच का सरकली?

उत्तर बाबांनी शोधलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. छापलेलं काहीही दिसलं की चष्मा चढवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंग आणि टॉर्च घेऊन अंगणात गाडीपाशी बसले. टायरच्या बगलेवर इतकं काही लिहिलेलं असतं याची मला कल्पनाच नव्हती. एका लंबगोलात चार आकडे होते : २२१८. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. टायर सहा वर्षांचे झाले होते! रबर हे भाकरीसारखं आहे म्हणा ना; ठेवलं की कडक होतं. ऊन, हवा, उष्णता यांनी त्यातला मऊपणा जातो. वरून नक्षी दिसते, पण रस्त्याला धरून ठेवायची चिकाटी संपत आलेली असते.

आणि नक्षीही फसवी निघाली. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल चरे असतात. ते पाणी बाजूला सारण्यासाठी, शोभेसाठी नव्हे. आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर बाद. चऱ्यांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं. आमच्या टायरांत तीन मिलिमीटर होती. कायद्याने पास! पण तीनच्या आसपास आलं की ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने घसरते, हे जाणकार पूर्वीपासून सांगत आलेत. कायदा शेवटची रेघ दाखवतो. पाऊस त्या रेघेपर्यंत थांबत नाही.

टायर बदलायचे यावर एकमत झालं. कोणते घ्यायचे यावर आमच्या घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष भावाचा. त्याला आता संधीच मिळाली होती. ‘‘ताई, टायर घेतोच आहोत तर चाकंही सतरा इंची घेऊ या. काय दिसेल गाडी!’’ आमच्या गाडीचं माप १९५/५५ आर १६. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, त्याच्या ५५ टक्के बगलेची उंची, आर म्हणजे रेडियल आणि आतलं चाक सोळा इंची. त्याला हवं होतं २०५/४५ आर १७. दोन्हींची बाहेरची गोलाई जवळजवळ सारखीच, त्यामुळे गाडीत बसायला अडचण नाही. पण मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. आताच्या टायरच्या बगलेची उंची १०७ मिलिमीटर, त्याच्या नव्या टायरची ९२. चाक आणि खड्डा यांच्या मध्ये जी रबराची उशी असते, ती दीड सेंटिमीटरने कमी! युरोपच्या गुळगुळीत रस्त्यांवर वळण घेताना ही पातळ बगल डुलत नाही, गाडी हुकमी वळते, हे खरं. पण चामराजपेटेतून मार्केटपर्यंत जायचं तरी पाण्याखाली दडलेले चार खड्डे लागतात. तिथे पातळ बगल म्हणजे टायरला फुगा, चाकाला वाक आणि दर दोन महिन्यांनी दुकानाची वारी. शिवाय रुंद टायरला जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं. साचलेल्या पाण्यावर तो अरुंदापेक्षा लवकर तरंगायला लागतो. सुंदर दिसणं आणि पावसात टिकून राहणं या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या सवती निघाल्या.

दुसरा पक्ष बाबांचा. त्यांचं म्हणणं, पुढची चाकं गाडी ओढतात, तर सध्या पुढचे दोनच नवे घ्यावेत, मागचे पुढच्या वर्षी. मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल. पण हा समज अगदी उलटा आहे, आणि तो मोठमोठ्या मेकॅनिकांचाही असतो. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवायचे! पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, आपण वेग कमी करतो आणि ती पुन्हा हाताशी येते. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं सराईतालाही कठीण. हे ऐकल्यावर बाबांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग चारही घ्या. सहा वर्षांचे टायर मागे ठेवून मी काही निपाणीला येणार नाही.’’

कारण खरा प्रश्न निपाणीचाच होता. जुलैत मामांच्या घरी जायचं होतं, आईसह. बंगळुरूहून पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या देशात ‘ऑल सीझन’ म्हणजे काय, हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्याने जुलैत हा रस्ता करावा. तुमकुरूपासून चित्रदुर्गापर्यंत कोरडं वारं, पवनचक्क्या आणि तापलेला रस्ता. हावेरी, हुबळीनंतर ढग जमायला लागतात. धारवाड ओलांडलं की सर येते, बेळगावला वायपर थकतात, आणि शेवटी तवंदीचा घाट, ओला, वळणांचा, शेजारून भरलेले ट्रक उतरताहेत. एका दिवसात तीन ऋतू, एकाच टायरवर.

तिसरा पक्ष आईचा. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘पावसात थांबते ना नीट, ते बघा. पळते किती ते कशाला?’’

मला वाटतं, गाडी स्पोर्टी असो की साधी, टायरच्या दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच. जोरदार टायर म्हणजे जोरात पळणारा टायर असा आपला समज करून दिलेला आहे. प्रत्यक्षात वेगाचं अक्षर आपल्याला कधी लागतच नाही. आमच्या टायरवर ८७ व्ही असं होतं. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो भार पेलेल, आणि व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत टिकेल. कोण जाणार आहे दोनशे चाळीसनं? कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली मात्र जाऊ नये, कारण त्यात टायर उष्णता किती सोसतो, हेही आलं. पण त्याच्या वर पैसे टाकायचे ते थांबण्यासाठी टाकावेत.

दुकानात गेलो त्या दिवशी शनिवार होता. आईच्या पिशवीत मार्केटमधून घेतलेली मेथी. दुकानदार आमच्या फौजेकडे बघतच राहिला. त्याने आई-बाबांना स्टुलं दिली, कॉफी मागवली. मी विचारलं, ‘‘ऑल सीझन टायर दाखवा.’’ तो हसला, ‘‘मॅडम, आपल्याकडे सगळेच टायर ऑल सीझन!’’

अर्धं खरं होतं ते. ऑल सीझन हा शब्द बर्फाच्या देशांतला. तिथे उन्हाळ्याचे टायर वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, म्हणून हिवाळ्यात मऊ रबराचे टायर चढवायचे. दर सहा महिन्यांनी ही उस्तवार नको असेल त्यांच्यासाठी दोन्हींचा मध्य काढलेला टायर म्हणजे ऑल सीझन. बंगळुरूत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश आहे, तेही जानेवारी १८८४ मधलं! आणि वरचं टोक एप्रिल २०१६ मधलं ३९.२. तेव्हा बर्फासाठी केलेली तडजोड आपण विकत घेण्यात अर्थ नाही. बाहेरून आणलेल्या टायरवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चित्र दिसलं म्हणून भुलून जायचं कारण नाही. थंडीसाठी मऊ केलेलं रबर आपल्या उन्हात लवकर झिजेल, आणि गाडीची चाल मऊ-मऊ लागेल ती वेगळीच. आपल्याला हवेत ते ऊन आणि पाऊस हे दोन ऋतू सांभाळणारे.

हे दोन्ही सांभाळायची युक्तीही फार जुनी नाही. टायरच्या रबरात पूर्वी काजळीच घालत. १९९२ मध्ये मिशलिनने काजळीऐवजी सिलिका, म्हणजे वाळूचीच जातबहीण म्हणा, वापरलेले टायर बाजारात आणले. इंधन कमी लागेल आणि ओल्या रस्त्यावर पकडही राहील, असा दुहेरी फायदा. आता चांगल्या टायरांत ते सर्रास असतं. आपल्या सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची, रस्त्यावर फिरताना होणाऱ्या विरोधाची आणि आवाजाची किमान पातळी ठरवून दिली. तोपर्यंत आयएसआयचा शिक्का होताच. पण पावसातली पकड ही मोजायची गोष्ट आहे, हे कागदावर यायला आपल्याकडे एवढी वर्षं लागली.

दुकानदाराने तीन प्रकार काढले. एक खेळकर वृत्तीचा. मऊ रबर, वळणावर घट्ट, पण लवकर झिजणारा आणि किमतीला चढा. एक आरामशीर, आवाज कमी, आयुष्य लांब. आणि एक मधला. नावं मी लिहीत नाही; सल्ला द्यायचा आहे, जाहिरात करायची नाही. भाऊ पहिल्याला हात लावून उभा. बाबांनी भिंग काढलं. पुष्कळ टायरांच्या बगलेवर अमेरिकी पद्धतीचे तीन शेरे असतात. झिजेचा आकडा, उष्णतेचं अक्षर आणि ट्रॅक्शनचं अक्षर. यातलं ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याची क्षमता. एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. झिजेचा आकडा मोठा तितका टायर साधारणपणे टिकाऊ, पण तो कंपनीनेच दिलेला असतो, त्यामुळे एका कंपनीची दुसरीशी तुलना करताना तो जरा हात राखूनच घ्यावा. मधल्या प्रकारावर ट्रॅक्शन ए आणि झिजेचा आकडा खेळकरापेक्षा बराच वर. मधोमध खोल, सलग लांब चरे. पाणी निघून जायला मोकळे पन्हाळ जणू. वहिनी म्हणाली, ‘‘हाच.’’ ती कमी बोलते, म्हणून तिचं बोलणं शेवटचं ठरतं.

आता माल बाहेर आला, आणि बाबांनी लंबगोल शोधला. ४०२२. दीड वर्षापूर्वीचे. सावलीत नीट रचून ठेवलेला टायर वर्षभरात काही बिघडत नाही, हे मलाही मान्य. पण नव्याच्या किमतीत मुरलेला कशाला घ्यायचा? दुकानदार म्हणाला, टायरमागे थोडी सूट देतो. बाबा म्हणाले, ‘‘सूट नको, साल द्या.’’ मग पोऱ्या गोदामात गेला, अर्धा तास लागला, आई मेथी निवडत बसली. आले ते ०९२४, त्याच वर्षीच्या नवव्या आठवड्याचे. चारही एकाच जातीचे, एकाच महिन्याचे. बिल तीस हजारांच्या वर गेलं. वहिनीने वॉशिंग मशीन बदलायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं. तिने तोंडावर काही दाखवलं नाही, पण मी तिला ओळखते.

बसवताना बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली. व्हॉल्व्हही नवे; त्याला किती पैसे पडतात? हवेचा आकडा दुकानातल्या पोराला विचारू नका. तो सगळ्या गाड्यांना एकच सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात माणसं नि सामान भरलं असताना किती, तेही लिहिलेलं असतं. टायर थंड असताना, सकाळी भरायची. हवा कमी असली की टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हा मुद्दा भावाला मी दोनदा सांगितला. नवा टायर पहिले दोनेकशे किलोमीटर जरा सांभाळूनच चालवायचा असतो, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. हे दुकानदारानेच सांगितलं. भला माणूस.

पुढच्याच आठवड्यात, २ जून २०२४ ला, बंगळुरूत १११ मिलिमीटर पाऊस झाला. जूनच्या एका दिवसात एवढा पाऊस सव्वाशेहून अधिक वर्षांत पडला नव्हता. झाडं कोसळली, रस्त्यांचे ओढे झाले. भावाने किल्ली हातात घेतली, ‘‘आता बघू टायर!’’ बाबांनी किल्ली काढून घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, २१ मे २०२३ ला, के. आर. सर्कलच्या भुयारी रस्त्यात साचलेल्या पाण्यात गाडी अडकून एका तरुण मुलीचा जीव गेला होता. नक्षी ओल्या रस्त्यावर चालते, तळ्यात नाही. त्या दिवशी गाडी अंगणातच राहिली, नव्या टायरांसकट.

जुलैत निपाणीला गेलो. तवंदीच्या घाटात पाऊस होता, पुढे एका ट्रकने एकदम ब्रेक मारला, आणि भावानेही मारला. गाडी थांबली. पुढे भरपूर जागा शिल्लक ठेवून, सरळ रेषेत. मागच्या सीटवर आई झोपली होती, ती उठलीसुद्धा नाही. मामांनी दारात विचारलं, प्रवास कसा झाला? ‘‘काही झालंच नाही,’’ आई म्हणाली. मी आणि वहिनीने एकमेकींकडे बघितलं.

जुन्या टायरांचं सांगायचं राहिलं. दुकानात ते चार काढून भिंतीला लावले होते. दुकानदार म्हणाला, एकेकाचे तीनशे देतो, बिलातून वजा करतो. बाबांनी विचारलं, तुम्ही काय करणार? ‘‘अजून वर्षभर चालतील सर, नक्षी आहे. कुणी टॅक्सीवाला घेऊन जाईल.’’ त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. बाजारच तसा आहे. पूर्ण गोटा झालेल्या टायरवरही गरम हत्याराने पुन्हा चरे कोरून, पॉलिश मारून विकणारे लोक आहेत. यांना तर नुसतं धुतलं तरी पुरे होतं. भाऊ हिशेब करत होता, बाराशे रुपये. बाबा त्या टायरांकडे बघत बसले होते.

‘‘यांच्या बगलेला भोकं पाडा,’’ ते म्हणाले.

‘‘सर?’’

‘‘ड्रिल आहे ना तुमच्याकडे? भोकं पाडा चारींना. मग भंगारात द्या.’’

‘‘मग पैसे नाही देता येणार, सर.’’

‘‘नको.’’

आई म्हणाली, एखादा घरी नेला असता, परसात अळू लावला असता त्यात. बाबा म्हणाले, आणि पावसाचं पाणी साचून डेंगीचे डास पाळायचे? दुकानदाराने पोऱ्याला हाक मारली. त्याने ड्रिल लावलं. जाड रबर, आवाज बराच झाला, रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. बाबा चौथा टायर होईपर्यंत स्टुलावरून उठले नाहीत.